बिनशेवटाच्या पुस्तकाचं परीक्षण

शेवटची सोळा पानं नसलेली एक कादंबरी मी सबंध हिवाळाभर मुलांना शिकवली, आणि त्या नसलेल्या पानांचं कौतुकही केलं. ‘लेखकाने शेवट वाचकावर सोडला आहे,’ असं मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. लेखकानं काही सोडलं नव्हतं. बाइंडिंगवाल्यानं सोडलं होतं.

नातवंडांना हे सांगते तेव्हा ती लोळून हसतात, आणि मीही त्यांच्यात सामील होते. पन्नाशीतली ती बाई मला आज रस्त्यात भेटली तर मी तिला ऑटोत बसवून सरळ घरी पाठवून देईन. गळ्यात चष्म्याची साखळी, खांद्याला झोळी, आणि डोक्यात मराठीची एम.ए. ती बाहेरून बसून नागपूरहून मिळवलेली. त्यामुळे तिचा तोरा आत बसून मिळवणाऱ्यांपेक्षा जास्त. भाजीवाल्याशी दोडक्याच्या भावावरून बोलतानाही बाईच्या तोंडून ‘आशय’ हा शब्द निसटायचा. आमचे हे तेव्हा भिलाईच्या पोलाद प्लांटात रोलिंग मिलला होते. ते म्हणायचे, “तुह्या एम.ए.ले जरासक पंख्याखाली ठेव. लय तापून राहिली.”

आमच्या सेक्टरच्या विहारामागे एक खोली आहे. रविवारची वंदना झाली की मोठी माणसं अंगणात चहा घेत उभी राहायची आणि पोरं माझ्या ताब्यात यायची. त्यांचे आजे विदर्भातून इथं पोलाद गाळायला आले, बाप इथेच प्लांटात लागले, आणि ही पोरं शाळेत हिंदी, कोचिंगमध्ये इंग्रजी, मैदानात थोडी छत्तीसगढी बोलायची. मराठी घरात, तीही आजी रागावली तर. माझं म्हणणं एवढंच होतं की त्यांनी एक मराठी पुस्तक वाचावं आणि त्याच्याबद्दल आपलं स्वतःचं मत सांगावं. एवढंच म्हणते मी. दोन वर्षं डोकं आपटलं त्या ‘एवढंच’वर.

पुस्तक कसं येतं आमच्याकडे, ते आधी सांगितलं पाहिजे. भिलाईत मराठी पुस्तकाचं दुकान नाही. आमची पुस्तकं दसऱ्याला येतात. दीक्षाभूमीवर गेलेलं प्रत्येक घर परतताना स्टॉलवरून पुस्तकांचा एक गठ्ठा आणतं. गाडीत तो सीटखाली ढकलत नाहीत, पाय लागेल म्हणून मांडीवर घेऊन बसतात. संत्र्याची पिशवी खाली, पुस्तकं मांडीवर. घरी आल्यावर खाकी कव्हर चढतं आणि पुस्तक कपाटाच्या वरच्या खणात जातं. तिथून मग ते एका घरून दुसऱ्या घरी फिरतं. ज्यांच्या पणज्यांना अक्षराजवळ फिरकू दिलं नाही, त्यांच्या घरी पुस्तकाला हात जोडणारच. हे मला कळत होतं. कळूनही चिडचिड थांबत नव्हती.

कारण वर्षावासात, पावसाळ्याचे ते तीन महिने, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन होतं. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, आणि संपलं की सगळे मिळून ‘साधु, साधु, साधु’ म्हणतात. पोरं हेच बघत वाढलेली. पुस्तक संपलं की साधु म्हणायचं आणि घरी जायचं. त्यांना परीक्षण करायला सांगणं म्हणजे पाहुणं जाऊन वाढलेल्या ताटातल्या चुका काढायला सांगण्यासारखं होतं.

पहिल्यांदा मी परीक्षण लिहून आणायला सांगितलं, तर सगळ्यांनी एकच आणलं. ‘हे पुस्तक खूप छान आहे. यातून आपल्याला चांगला बोध मिळतो. सर्वांनी हे पुस्तक अवश्य वाचावे.’ पुस्तकं मात्र वेगवेगळी दिली होती. एका पोरानं तर शेवटी ‘साधु, साधु, साधु’सुद्धा लिहिलं होतं, लाल शाईनं. मी आज त्याच्या पाठीवर थाप मारली असती. तेव्हा मी खडू फेकला.

“काय आवडलं नाही, ते सांगा,” मी म्हटलं.

पोरं एकमेकांच्या वह्यांत डोकावू लागली.

“काहीच नाही? एकसुद्धा गोष्ट नाही? एखादं पान कंटाळवाणं नाही झालं?”

“काकू, पुस्तक हाये न ते,” मागून एक आवाज आला. समजावणीच्या सुरात. जणू मी आजारी होते.

पुढच्या रविवारी एक आई अंगणातून थेट खोलीत आली. “तुमी पोराईले पुस्तकाले नावं ठेवायले शिकवून राहिले म्हन्ते?” मी तिला समीक्षा म्हणजे काय ते समजावून सांगू लागले. अर्धा तास बोलले. ती ऐकून घेऊन म्हणाली, “ते ठीक हाये. पण नावं नका ठेवू.”

अशा त्या सगळ्या ‘खूप छान’मध्ये एकच पोरगी होती जी छान म्हणत नसे. ती काहीच म्हणत नसे. नववीत होती, रुआबांध्याहून सायकलनं यायची, मागच्या बाकावर बसून वाचायची आणि वाचताना कपाळाला आठी घालायची. तिचा बाप प्लांटात कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्टीवर. तो तिला रविवारी पाठवायचा ते नाराजीनंच. इथं भिलाईत नववीच्या पुढे मूल म्हणजे कोचिंगची मालमत्ता. टेस्ट रविवारी असतात. एकदा तो विहाराच्या दाराशी तिला न्यायला आला आणि मला म्हणाला, “काकू, पुढच्या साली दहावी हाये तिची. संडेले टेस्ट राह्यते. आता हे वाचन-गिचन बंद करा लागन.”

पोरगी सायकलचं हँडल धरून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. रविवार हा तिच्या आठवड्यातला एकच दिवस होता जेव्हा ती परीक्षेसाठी नसलेलं काहीतरी वाचत होती, आणि तो जाणार होता.

इथं कोणी शहाणी बाई असती तर तिनं चहा पाजून त्याला गोडीनं सांगितलं असतं. आमची एम.ए. बाई म्हणाली, “दुर्गला पद्मनाभपुरात जानेवारीत पुस्तक-परीक्षणाची स्पर्धा आहे. तिथं हिचा नंबर येतो की नाही बघा. आला तर रविवार तिचा. नाही आला तर खुशाल टेस्टला पाठवा.”

त्यानं थोडा विचार केला. “पक्कं?”

“पक्कं,” मी म्हटलं. पोरीला विचारलंच नाही.

स्पर्धेसाठी मी ती कादंबरी निवडली. दसऱ्याच्या गठ्ठ्यातून आलेली, पातळशी, स्टॉलवर स्वस्तात मिळालेली. एकच प्रत, म्हणून सुपेल्याच्या बाजारात जाऊन तिच्या झेरॉक्स काढल्या आणि पोरांना वाटल्या. गोष्ट एका नावाड्याच्या मुलीची. नदीवर पूल बांधणं चालू आहे. पूल झाला की बापाचं काम संपणार. मुलीला पलीकडच्या गावी शाळेत जायचंय, बाप जाऊ देत नाही. पुस्तकभर बाप बडबडतो, भांडतो, गाणी म्हणतो, मुलीला शिव्या घालतो आणि तिच्यासाठी बोरंही आणतो. अखेर एका सकाळी तो सुटलेला दोर आणायला पाण्यात उतरतो. मुलगी काठावर एकटी. नदीचं वर्णन येतं, एक पानभर. मग वाक्य: ‘तिने एक पाय नावेत ठेवला.’ पूर्णविराम. त्यानंतर कोरं पान आणि मागचं कव्हर.

माझ्या अंगावर काटा आला. खरंच आला. मी यांना हाक मारून ते वाक्य वाचून दाखवलं. हे नाइट शिफ्ट करून आलेले, डोळे मिटत होते. म्हणाले, “अन् दुसरा पाय?”

“तेच तर!” मी म्हटलं.

पुढच्या रविवारी मी वर्गात जे काही बोलले ते आठवून अजून माझे कान गरम होतात. एक पाय नावेत, एक काठावर. म्हणजे काय? म्हणजे आपण! एक पाय विदर्भात, एक पाय भिलाईत. आजोबांचं गाव मागे, प्लांट पुढे. लेखकाने पाय उचलू दिला नाही, कारण आपणही उचललेला नाही. मुक्त शेवट. प्रतीक. मी फळ्यावर एक नाव काढली आणि त्यात एक पाय काढला. तो पाय गाजरासारखा आला, पण कोणी हसलं नाही.

मागच्या बाकावरून आठी घातलेली पोरगी प्रथमच बोलली. “काकू, अन् बाप?”

“कोणाचा बाप?”

“तिचा. नावाड्या. तो तर दोर आणायले पाण्यात गेला होता न. मग नदी-नदी येते, मग ती पाय ठेवते, अन् खतम. बाप पाण्यातच हाये अजून.”

“बाप इथं महत्त्वाचा नाही.”

“कावून नाही? पुऱ्या पुस्तकभर तोच तर बोलून राहिला.”

“अगं, ते प्रतीक आहे.”

“बाप?”

“पाय!”

आता वर्ग हसला. पोरगी खाली बसली, पण पुटपुटली ते मला ऐकू आलं. “असा कोनी बापाले पाण्यात सोडून किताब बंद करते का?”

त्या एका वाक्यात सगळं परीक्षण होतं. मी दोन वर्षं ज्याची वाट पाहत होते ते कोणीतरी बोललं होतं: या पुस्तकात काहीतरी चुकतंय. आणि मी काय केलं? तिनं लिहून आणलेल्या मजकुरावर लाल पेन फिरवला. तिनं लिहिलं होतं, ‘लेखक बापाला विसरला. मला हे आवडले नाही.’ मी ते खोडून वर लिहिलं, ‘लेखकाने शेवट वाचकावर सोडला आहे.’ पुढे ती विदर्भ-भिलाईची पाय पसरलेली सगळी कल्पना माझ्या वळणदार अक्षरात. म्हटलं, हेच पाठ कर. परीक्षकांना हे लागतं.

“पण मले असं नाही वाटत, काकू.”

“वाटेल. म्हणत राहिलीस की वाटेल.”

हे मी म्हटलं. शब्द जसेच्या तसे आठवतात, कारण त्यानंतर मी कितीदा तरी स्वतःला ते म्हणून दाखवलेत, आरशासमोर, तोंड वाकडं करून.

पद्मनाभपुरातल्या त्या हॉलमध्ये खुर्च्या कमी आणि मफलर जास्त होते. परीक्षक नागपूरहून आलेले एक निवृत्त प्राध्यापक. पोरगी उभी राहिली आणि एकही हिंदी शब्द न येऊ देता माझं सगळं भाषण खणखणीत म्हणाली. पायावर आली तेव्हा तिनं हात पुढे केला, मी शिकवला होता तसा. मी दुसऱ्या रांगेत, डोळे पुसायच्या तयारीत.

प्राध्यापकांनी चष्मा काढला. “फार छान बोललीस. पण बेटा, हा शेवट नाहीये. पुढे आख्खं प्रकरण आहे. पुढचंच वाक्य असं काहीतरी आहे, की तिने पाय लगेच काढून घेतला, कारण नावेत पाणी शिरलं होतं. नाव फुटकी होती. तू शेवटचं प्रकरण वाचलं नाहीस?”

हॉल हसला. वाईट मनानं नाही, पण हसला. विदर्भ आणि भिलाईच्या मध्ये पाय टाकून मी हिवाळाभर उभी होते, आणि नाव फुटकी होती.

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. त्याच क्षणी माझी चप्पल खुर्चीखाली हरवली. मी वाकले आणि ती शोधू लागले. खूप वेळ शोधली. पायातच होती.

वरून तिचा आवाज आला. “सर, आमच्या पुस्तकात एवढंच हाये. पण मले वाटतच होतं का बाप वापस येईल.”

“मग तसं का नाही म्हणालीस? ते जास्त बरं झालं असतं.”

तिनं माझं नाव घेतलं नाही. घ्यायला हवं होतं. मी असते तर घेतलं असतं, बोट दाखवून.

पहिला नंबर कोणाला मिळाला सांगू? मोहन नगरहून आलेल्या एका मुलाला, ज्याचं परीक्षण ‘सर्वांनी हे पुस्तक अवश्य वाचावे’ या वाक्यानं संपलं. मला तिथंच खुर्ची चावावीशी वाटली.

बक्षिसं वाटून झाल्यावर मी प्राध्यापकांना गाठलं आणि म्हटलं, “चूक माझी आहे. मुलीनं बरोबर ओळखलं होतं. मी खोडलं.”

ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “बाई, शिक्षकांना गुण द्यायची सोय नाही. असती तर कापले असते.”

परतताना ऑटोत पोरगी माझ्या शेजारी बसली होती, प्रमाणपत्राची गुंडाळी गुडघ्यांत धरून. भाग घेतल्याचं प्रमाणपत्र. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त बाहेर बघत होती. रुआबांध्याच्या वळणावर म्हणाली, “आता संडे गेला.” एवढंच.

बाप दारातच उभा होता. मी ऑटोवाल्याला थांबवून ठेवलं आणि सगळं सांगितलं: पानं कमी होती, मी चुकीचं शिकवलं, हिनं बरोबर सांगितलं होतं, शर्त रद्द करा. मी भांडले. आवाज चढवला. शेजारची माणसं गॅलरीत आली.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “काकू, चूक कोणाची का असंना. पक्कं तुमीच म्हणलं होतं न? मी ओव्हनच्या तोंडाशी उभा राह्यतो रोज. बूट घातला तरी तळवा भाजते. हिनं तिथं उभं राहू नये, एवढंच पाह्यतो मी. तुमचं पुस्तक चांगलंच असंल. पण टेस्ट भी चांगलीच हाये.”

तो चुकीचा असता तर मी रात्रभर भांडले असते. राग यायचा तो यासाठी, की तो चुकीचा नव्हता, पोरगी चुकीची नव्हती, आणि लेखकसुद्धा चुकीचा नव्हता. उरले कोण? घरी येऊन मी यांना सगळं सांगितलं. हे बूट काढता काढता म्हणाले, “म्हणजे नाव फुटकी होती.” आणि पुढचे आठ दिवस, मी कशातही काही गहन अर्थ काढला, आमटीतसुद्धा, की म्हणायचे, “पाय काढ.”

त्यानंतर रविवारी मागचा बाक रिकामा. बाकीची पोरं यायची, छान-छान म्हणायची. मी खडू फेकणंही सोडून दिलं होतं.

होळीच्या आसपास हे एका लग्नासाठी नागपूरला गेले आणि येताना जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्याच कादंबरीची पूर्ण प्रत घेऊन आले. मी ती सोळा पानं ओट्याशी उभ्या उभ्या वाचली. भात लागला. बाप दोर घेऊन परत येतो. फुटकी नाव पाहतो, मुलगी निघाली होती हे ओळखतो, खूप ओरडतो, मग गप्प बसतो, आणि दोन पानांनी तिचं दप्तर स्वतःच्या डोक्यावर घेऊन कठडे अजून न बांधलेल्या पुलावरून तिला पलीकडे पोचवतो. मी घळाघळा रडले. इतका सुंदर शेवट, आणि मी तो पोरांपासून लपवला. लपवला नाही म्हणा, पण झालं तेच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुस्तक घेऊन रुआबांध्याला गेले. पोरगी कोचिंगहून येतच होती, पाठीवर बॅग, हातात कसलीशी सूत्रं लिहिलेली पट्टी. आत टीव्ही चालू होता, बाप बनियनवर बसला होता, मला बघून मान हलवली. मी बाहेर पायरीवरच तिला पुस्तक दिलं, पान काढून.

“हे बघ, पूर्ण आहे. वाच. फार सुंदर शेवट आहे,” मी म्हटलं. हो, हेच म्हटलं. शिकले नव्हते अजून.

ती पायरीवर बसली, बॅग न काढता. वाचू लागली. मी शेजारी उभी. समोरून सायकली जात होत्या, कोणीतरी कोणालातरी हाका मारत होतं. तिच्या कपाळावर ती आठी आली. पानं उलटत गेली. एका ठिकाणी ती थांबली, मागे गेली, परत पुढे आली. बाप परत येतो तिथं तिचा चेहरा जरा उजळला, ते मी पाहिलं. मग पुन्हा आठी. शेवटचं पान वाचून तिनं पुस्तक मिटलं आणि माझ्या हातात दिलं.

“कसं वाटलं?” मी विचारलं.

बापाला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं आवाज खाली केला. “बेकार हाये, काकू. बाप वापस आला, ते बरं केलं. पण दोन पानात मानून जाते? दप्तर डोक्यावर? असं कोणाच्या घरी होते? लिहायच्या आधी त्या लेखकानं आमच्या घरी येऊन पाह्यलं पाह्यजे होतं.”